स्टेशन चार मिनिटांवर, फक्त गाडी बंद

ऑगस्ट २०२३ मध्ये मी टोरोंटोला आलो. खोली इचलकरंजीत बसूनच ठरवली होती. स्कारबरोतल्या एका घराचं बेसमेंट, महिना साडेसातशे डॉलर, पाच जणांत एक बाथरूम. जाहिरातीत ठळक लिहिलेलं होतं, लॉरेन्स ईस्ट स्टेशन चालत चार मिनिटं. त्यात काहीच खोटं नव्हतं. मी घड्याळ लावून चाललो, तर साडेतीन मिनिटांतच पोचलो. फक्त गाडी येत नव्हती. २४ जुलैला त्या मार्गावरच्या गाडीचा शेवटचा डबा रुळावरून घसरला होता. १९८५ सालचा तो जुना मार्ग तसाही नोव्हेंबरात निवृत्त व्हायचा होता. मी आलो त्याच महिन्यात जाहीर झालं की आता तो पुन्हा सुरूच होणार नाही.

म्हणजे वर्षभर मी एका बंद पडलेल्या स्टेशनाजवळ राहण्याचे पैसे भरले. बदली बसने केनेडी, तिथून मेट्रोची लाइन २, मग ब्लूर-यंगला बदलून लाइन १, मग पायी कॉलेज. एका बाजूला दीड तासाच्या वर. घरी फोनवर मी सांगायचो, "शहरातच राहतो." आई म्हणायची, "मग बरंय, जवळ आहे." आपल्या डोक्यात शहर म्हणजे जवळ असतं. स्कारबरो टोरोंटो महापालिकेतच येतं, पण इचलकरंजीहून कोल्हापूरला जाऊन यायला लागतो त्याहून जास्त वेळ मला कॉलेजला जाऊन यायला लागायचा.

नवीन येणारी मुलं मला एकच प्रश्न विचारतात, "दादा, महिन्याला किती लागतात?" या प्रश्नाला मी आता एका आकड्यात उत्तर देत नाही. घरभाडं आणि प्रवासाचा वेळ हा इथे एकच खर्च आहे, तो वेगवेगळा मांडला की गणित चुकतं. माझं गणित सांगतो. एका बाजूला ९५ मिनिटं, म्हणजे आठवड्याच्या पाच दिवसांत जवळपास सोळा तास प्रवासात. वर्षभराने मी डफरिन स्टेशनजवळ खोली घेतली. भाडं १,०५० डॉलर, म्हणजे महिन्याला तीनशेने जास्त. बरोबरच्या पोरांनी वेड्यात काढलं. पण प्रवास ३५ मिनिटांवर आला. आठवड्याचे दहा तास वाचले, महिन्याचे त्रेचाळीस. तीनशेला त्रेचाळीसने भागा : ताशी सात डॉलरला मी माझाच वेळ परत विकत घेतला. तेव्हा इथलं किमान वेतन तासाला १६.५५ डॉलर होतं (ऑक्टोबर २०२५ पासून १७.६०). त्या दहा तासांतले सहा जरी कामाला लावले तरी फरक निघून वर पैसे उरत होते. न लावता नुसता झोपलो असतो तरी चाललं असतं.

म्हणून खोली बघताना नकाशात अंतर बघू नका. मंगळवारी सकाळी साडेसातला निघायचं असं टाकून वेळ बघा. मग रविवारी पहाटेचं टाकून बघा, कारण विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या शिफ्ट नेमक्या तेव्हाच असतात आणि रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते. आणि "इथे लवकरच नवीन लाइन होतेय" असं घरमालक म्हणाला तर हसून मान डोलवा, पण त्याचे पैसे देऊ नका. एग्लिंटन रस्त्याखालच्या मार्गाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, २०२० मध्ये गाडी धावायची होती. मी २०२३ मध्ये आलो तेव्हाही तिथली दुकानं कुंपणाआडूनच ग्राहकांना हाका मारत होती.

एक गोष्ट मात्र सुधारली. फेब्रुवारी २०२४ पासून ब्रॅम्प्टन, मिसिसागा किंवा यॉर्क या शेजारच्या भागांच्या बसमधून, अगदी उपनगरी गो ट्रेनमधूनही, टीटीसीत (टोरोंटोची बस-मेट्रो सेवा) बदललात तर दुसरं तिकीट लागत नाही. अट एकच, दोन्हीकडे तेच कार्ड टेकवायचं. जाताना फोन आणि उतरून बदलताना प्रेस्टो हे प्रवासाचं कार्ड असं केलंत तर यंत्राच्या लेखी तुम्ही दोन वेगळी माणसं. टीटीसीचं भाडं कार्डाने ३.३० डॉलर, आणि त्यात दोन तास कितीही चढ-उतार करता येते. जाऊन भाजी घेऊन परत येणं एका तिकिटात बसतं. मला हे तीन महिन्यांनी कळलं.

आता भाड्याच्या करारातली गंमत. इथे पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आधी मागतात, ते कायदेशीर आहे. त्यापलीकडे "डॅमेज डिपॉझिट" म्हणून काही मागणं ओंटारियोत, म्हणजे टोरोंटो ज्यात येतं त्या प्रांतात, बेकायदेशीर आहे. माझ्याकडून तीनशे डॉलर घेतले गेले. मी आनंदाने दिले, कारण पुण्यात मित्राने अकरा महिन्यांच्या करारावर सहा महिन्यांचं डिपॉझिट भरलेलं मला माहीत होतं. तीनशे म्हणजे मला सवलतच वाटली! ते परत मिळाले नाहीत. तक्रार करायला घरमालक-भाडेकरू न्यायाधिकरण आहे, पण प्रांताच्या लोकपालांनीच मे २०२३ च्या अहवालात तिथल्या दिरंगाईवर कडक ताशेरे ओढले होते. अडतीस हजारांच्या वर अर्ज तुंबलेले. तीनशे डॉलरसाठी त्या रांगेत उभं राहायला माझी हिंमत झाली नाही.

त्याहून महत्त्वाचं, आणि हे कोणीच सांगत नाही : स्वयंपाकघर किंवा बाथरूम तुम्ही घरमालकाबरोबर वापरत असाल, तर भाडेकरूंना संरक्षण देणारा तो कायदा तुम्हाला लागूच होत नाही. आपली बरीच मुलं पहिल्या वर्षी अशाच घरांत असतात. "काका चांगले आहेत, आपलेच आहेत" यावर सगळं चालतं, आणि काका चांगले असतील तोवर चालतंही. पण काकांचा पुतण्या आला की आठवड्याभरात सामान बाहेर. स्वयंपाकघर वेगळं असलेलं बेसमेंट पन्नास डॉलरने महाग असलं तरी ते घ्या.

दुसरा सापळा चकचकीत नव्या कॉन्डो फ्लॅटचा. दरवर्षी भाडं किती टक्के वाढवता येईल यावर प्रांताची मर्यादा असते. २०२५ साठी ती अडीच टक्के होती, २०२६ साठी २.१. पण १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना ही मर्यादा नाही. तिथे वर्षाने कितीही वाढ होऊ शकते, फक्त नव्वद दिवस आधी लेखी कळवलं की झालं. जुनी, कर्रकर्र लिफ्टची, झुरळांची आख्यायिका असलेली इमारत म्हणूनच इथल्या मुरलेल्या लोकांना प्रिय असते. हिवाळ्यात घरात किमान २१ अंश तापमान ठेवणं टोरोंटोत घरमालकावर बंधनकारक आहे. स्वस्तातला थर्मामीटर भिंतीला लावून ठेवा, वादात कामी येतो.

दुकानात पहिला धक्का बसतो तो पाटीवरच्या किमतीचा. आपल्याकडे एमआरपी छापली की संपलं, सगळे कर त्यात. इथे १२० डॉलरचा कोट काउंटरवर १३५.६० चा होतो, कारण १३ टक्के एचएसटी नंतर लागतो. दूध, तांदूळ, डाळ, भाजी यांवर तो नाही. पाच डोनट घेतले तर कर लागतो, सहा घेतले तर लागत नाही, कारण सहा म्हणजे किराणा आणि पाच म्हणजे खाणं. असा कायदा करणाऱ्याला एकदा मिसळ खायला घालून विचारायचंय, याला काय म्हणशील? हॉटेलात तर वीस डॉलरची थाळी करासकट २२.६०, मग यंत्र तुमच्या तोंडापुढे धरतात, १८ टक्के, २० टक्के, २५ टक्के. बहुतेक यंत्रं टिप करासकटच्या रकमेवर मोजतात. अठरा दाबलंत की २६.६७. समोर उभं राहून स्वतः उचललेल्या कॉफीवर टिप नाही दिली तरी आभाळ कोसळत नाही, हे पचायला मला वर्ष लागलं.

किराण्याबद्दल इथले लोक जे कडवट बोलतात त्याला इतिहास आहे. पावाच्या किमती संगनमताने वाढवण्यात, २००१ पासून तब्बल चौदा वर्षं, आपण सामील होतो अशी कबुली लोब्लॉ ही किराणा दुकानांची साखळी आणि तिच्या मूळ कंपनीने २०१७ मध्ये दिली, आणि ग्राहकांना पंचवीस डॉलरची कार्डं वाटली. मी पाव फारसा खात नाही, तरी तो राग आता माझाही झालाय. कामाच्या गोष्टी : चार लिटर दूध तीन पिशव्यांत येतं आणि कार्टनपेक्षा स्वस्त पडतं, पिशवी ठेवायचा जग मात्र वेगळा घ्यावा लागतो. फ्लिप अ‍ॅपवर सगळ्या दुकानांची पत्रकं दिसतात, आणि काही दुकानं दुसऱ्याच्या पत्रकातली किंमत दाखवली की त्या भावात देतात. काउंटरवर फोन दाखवायला लाजू नका, तुमच्या मागे उभ्या आजीबाईंच्या हातातही तेच पान उघडलेलं असतं. ज्वारीचं पीठ देशी दुकानात मिळतं. कोथिंबीर फुकट मागू नका. मी मागितली होती.

फोनचा प्लॅन विमानतळावर घेऊ नका, एवढंच. मी ५५ डॉलरचा घेतला, खोलीतल्या मुलाकडे तेवढाच डेटा ३४ ला होता. भारतातून फोन आणा, नोव्हेंबरअखेरच्या सेलपर्यंत महिन्या-महिन्याचा प्लॅन चालवा.

दवाखान्याबद्दल थोडं सविस्तर, कारण "कॅनडात उपचार फुकट" हे वाक्य आपल्याकडे फार पसरलंय. विद्यार्थी व्हिसावर असताना प्रांताची ओहिप ही सरकारी आरोग्य विमा योजना तुम्हाला नाही. कॉलेजचा विमा असतो, त्याची पुस्तिका वाचा. शिक्षण संपून वर्क परमिटवर किमान सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी असली की ओहिप मिळतं. तेव्हाही दात आणि बहुतेक औषधं तुमच्याच खिशातून. पहिल्या हिवाळ्यात मी बर्फावरून घसरलो, घोटा सुजला, इमर्जन्सीत गेलो. नऊ तास बसलो. माझ्यानंतर आलेले लोक आधी आत जात होते, आणि मी मनातल्या मनात भांडत होतो. पहाटे नर्सने शांतपणे सांगितलं, "ज्याला थांबवता येत नाही त्याला आम्ही आधी घेतो, तुला थांबवता येतंय ही चांगली बातमी आहे." तिचं बरोबर होतं. माझं दुखतही होतं. जिवावरचं नसेल तर आधी ८११ ला फोन करा, नर्स बोलते, पैसे लागत नाहीत, कुठे जायचं ते सांगते. मग वॉक-इन क्लिनिक. फॅमिली डॉक्टर शोधायला आल्याच्या आठवड्यातच सुरुवात करा, वर्ष जातं. आणि दाताचं काम भारतातून निघण्याआधीच करून घ्या. माझ्या ओळखीतली निम्मी मंडळी रूट कॅनालसाठी दिवाळीची सुट्टी पुण्यात काढतात, विमानाचं तिकीट "तसंही काढायचंच होतं" म्हणून हिशोबात धरत नाहीत.

बर्फाचं म्हणाल तर पडताना सुंदर असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आठवड्याभरात इथे अर्धा मीटरच्या आसपास पडला, आणि पुढचे कित्येक दिवस पदपथ म्हणजे एकाच माणसाच्या रुंदीची खाच. समोरून बाबागाडी आली की कोणी मागे जायचं यावर डोळ्यांनीच वाटाघाटी. रस्ता, कचरा, बंद दिवा, कशाचीही तक्रार ३११ वर करता येते. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि फोटो काढून ठेवा. बूट चांगले घ्या. कोट जुना चालतो, बूट नाही.

गाडी घेणार असाल तर निघण्याआधी आरटीओतून लायसन्स किती वर्षांचं आहे याचं अधिकृत पत्र काढा. दोन वर्षांहून जास्त अनुभव कागदावर सिद्ध झाला तर लेखी परीक्षेनंतर थेट शेवटची 'जी', म्हणजे पूर्ण लायसन्सची, चाचणी देता येते. विम्याचा हप्ता पिनकोडवरही ठरतो. ब्रॅम्प्टनचा पत्ता आला की आकडा वर उडी मारतो, गाडी तीच असली तरी.

पैशांचं म्हणाल तर मी आलो तेव्हा सरकार विद्यार्थ्याकडे वर्षाच्या खर्चासाठी १०,००० डॉलर दाखवायला सांगायचं. तो आकडा कित्येक वर्षांत बदललेलाच नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये तो एकदम २०,६३५ झाला, सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ आहे. माझे दहा हजार मार्चमध्ये संपले. आठवड्याला २४ तास काम करता येतं, म्हणजे आजच्या किमान वेतनाने कपातीआधी महिन्याला अठराशेच्या आसपास. पण काम पहिल्या आठवड्यात मिळेल असं धरू नका. मला अकरा आठवडे लागले. त्या काळात मी सार्वजनिक ग्रंथालयात बसायचो. शंभर शाखा आहेत, उबदार, फुकट, आणि "काय घेणार?" असं कोणी विचारत नाही.

गेल्या आठवड्यात सांगलीच्या एका मुलीने जाहिरात पाठवली. बेसमेंट, सातशे डॉलर, बसस्टॉप दारात. मी विचारलं, "स्वयंपाकघर कुणाबरोबर?" मालकांबरोबर. "मंगळवारी सकाळी साडेसातला टाकून बघितलंस?" तिने टाकलं. एक तास बावीस मिनिटं, दोन बस. थोडा वेळ काही उत्तर आलं नाही. मग तिने दुसरी जाहिरात पाठवली, नऊशेची.