पॉवर स्टेअरिंग काढायचंय? गाडी जॅकवर चढवायच्या आधी एवढं जमवा

पहिलं म्हणजे ही यादी ट्रॅकच्या गाडीची आहे. जी गाडी ट्रेलरवर चढून कोइंबतूरच्या कारी स्पीडवेला किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जाते आणि ट्रेलरवरच परत येते, ती. रोज ऑफिसला नेता त्या गाडीचं काढायचं डोक्यात असेल तर तो विषय इथेच सोडा, कारण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करायला बंदी आहे, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलंय, आणि उद्या कुठे ठोकली गाडी तर इन्शुरन्सवाला स्टेअरिंगला हात लावलाय हे बघून क्लेमच उडवून लावेल. आरटीओ पकडतो की नाही हा भाग नंतरचा.

दुसरं, बोनेट उघडा आणि आपल्या गाडीत नक्की कुठलं पॉवर स्टेअरिंग आहे ते बघा. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप, ऑइलची छोटी डबी, रॅककडे (स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा) जाणारा एक जाड प्रेशर पाईप आणि एक रिटर्न पाईप दिसला तर ते हायड्रॉलिक, आणि पुढचं सगळं त्याच्यासाठीच लिहितोय. काहीच दिसलं नाही तर ते इलेक्ट्रिक, आपल्याकडच्या बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत मोटर डॅशबोर्डखाली कॉलमलाच (स्टेअरिंगपासून खाली रॅककडे जाणारा दांडा) लावलेली असते, ती काढून वाचतात जेमतेम काही किलो आणि नुसता फ्यूज काढला तर ती मोटर आणि तिचे गिअर आता तुम्ही हाताने फिरवता, म्हणजे वजन तेवढंच आणि स्टेअरिंग दगड. इलेक्ट्रिकवाल्यांनी दुसरीकडे वजन शोधा.

खरं तर हायड्रॉलिकवाल्यांनीही आधी दुसरीकडेच शोधा. छोट्या गाडीत पंप, ब्रॅकेट, पुली, डबी, पाईप आणि आतलं ऑइल सगळं धरून साधारण ८-१० किलो निघतात, गाडीप्रमाणे कमीजास्त. नुसती स्टेपनी दहा-बारा किलोच्या घरात जाते, मागची सीट, बाजूची सीट, कार्पेटखालचं डांबरी शीट, म्युझिक सिस्टीम, एसी, हे सगळं अजून गाडीत असताना पॉवर स्टेअरिंगपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. माझ्या मते वजन हे याचं सगळ्यात कमकुवत कारण आहे. खरा फायदा वेगळाच आहे, टायर काय बोलतोय ते हाताला कळतं, बेल्टवरचा एक भार जातो, आणि सेशनच्या मध्यात गरम एक्झॉस्टवर ऑइल गळून आग लागायची एक शक्यता संपते. हो, एक गोष्ट वजनाच्या बाजूने आहे, हे किलो गाडीच्या अगदी नाकाशी असतात आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचं नाक आधीच जड असतं.

आता मुख्य सामान, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवीन. मॅन्युअल रॅक. आपण मारुतीची जुनी एस्टीम धरून चालू, कारण तिच्या व्हीएक्स मॉडेलला पॉवर स्टेअरिंग यायचं आणि साध्या एलएक्सला नाही, म्हणजे कंपनीनेच बिनपॉवरचा रॅक बनवलेला आहे, तो शोधायचा. पुण्यात नाना पेठेत विचारा, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. फोनवर "आहे भाऊ, या" म्हणतात तेवढ्यावर जाऊ नका. रॅक हातात घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवून बघायचा, मधोमध खडखड किंवा ढिला लागला तर नको, कारण सरळ रस्त्यावर झिजतो तो मधलाच भाग. रबरी बूट फाटलेला असेल तर आत पाणी गेलंय असं समजा आणि बूट सरकवून गंज बघा. टाय रॉड (रॅकपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्या) जागेवर आहेत का, बसवायच्या क्लॅम्पची रबरं मिळतायत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिनियनच्या (रॅक सरकवणारा छोटा गिअर) टोकावरच्या खाचा, म्हणजे स्प्लाइन्स, तुमच्या कॉलमच्या खालच्या जॉइंटला बसतात का. त्यासाठी जॉइंट सोबत न्या, नाहीतर दुकानदाराकडून एलएक्सचाच जॉइंट रॅकबरोबर उचला, दोनशे-चारशे रुपयांसाठी घासाघीस करून तो तिथे सोडून येणारे लोक नंतर परत त्याच दुकानात उभे असतात.

"पण रॅक कशाला बदलायचा, बेल्ट काढला की झालं की" हे प्रत्येक गॅरेजमध्ये कोणीतरी म्हणतंच. होत नाही. पॉवरच्या रॅकमध्ये आत पिस्टन असतो आणि त्याला सील, तुम्ही स्टेअरिंग फिरवता तेव्हा तो पिस्टन सिलिंडरमधलं ऑइल ढकलत बसतो, पाईप एकमेकांना जोडून लूप केला तरी ढकलायचं काम तुमचंच राहतं. शिवाय पिनियनवर एक पातळ टॉर्शन बार असतो, तो थोडासा पिळला की व्हॉल्व्ह उघडतो आणि मदत मिळते, आता मदत नाही पण तो पीळ आहेच, म्हणजे स्टेअरिंग जड आणि वर मधोमध ढिलं. पॉवरचा रॅक शिवाय जलद असतो, म्हणजे स्टेअरिंग थोडंच फिरवलं तरी चाकं जास्त वळतात, कारण कंपनीने मदत गृहीत धरलेली असते. पहिल्या पिढीच्या माझदा मियाटाचं (दोन सीटची छोटी जपानी स्पोर्ट्स कार) उदाहरण यात सगळे देतात, तिच्या पॉवर रॅकचा रेशो (चाक एक अंश वळायला स्टेअरिंग किती अंश फिरवायचं तो आकडा) १५:१ आणि मॅन्युअलचा १८:१, म्हणजे मॅन्युअलवाला स्टेअरिंग जास्त फिरवतो पण जोर कमी लावतो. अमेरिकेत तिचा पॉवर रॅक पूर्ण उघडून पिस्टनचं सील काढतात, व्हॉल्व्हचा भाग पिनियनला वेल्ड करतात, ग्रीस भरून पोर्ट बंद करतात, आणि नीट केलं तर ते छान चालतं, जलद रेशोही हातात राहतो. पण स्टेअरिंगच्या पार्टवर वेल्डिंग हे कोपऱ्यावरच्या गेट-ग्रिलवाल्याचं काम नाहीये, ते तुटलं तर १२० च्या स्पीडला हातात नुसतं चाक उरतं. चांगला मॅन्युअल रॅक मिळत असेल तर मी तरी वेल्डिंगच्या वाटेला जाणार नाही.

बेल्टचं आधी बघून ठेवा, रविवारी दुपारी दुकानं बंद असताना नको. बऱ्याच गाड्यांत पंप आणि एसी एकाच बेल्टवर असतात, एसीसुद्धा काढलेला असेल तर तो बेल्टच गेला, सुटलात. एसी ठेवायचा असेल तर बिनपॉवरच्या मॉडेलचा बेल्ट आणि लागली तर आयडलर पुली (बेल्टला आधार देणारी मोकळी पुली) त्याच मॉडेलची घ्या, दोरी लावून लांबी मोजत बसू नका. पंपावर एक प्रेशर स्विच असतो, पार्किंगला स्टेअरिंग फिरवलं की तो इसीयूला (इंजिनचा कॉम्प्युटर) आरपीएम थोडे वाढवायला सांगतो. त्याची वायर कापायची नाही, कनेक्टरला टेप मारून बांधून ठेवायची आणि गाडी चालू झाल्यावर आयडल नीट आहे ना बघायचं.

हत्यारं फार नाहीत. चांगले जॅक स्टँड (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली झोपणाऱ्याला मी मदतीला जात नाही, स्पष्ट सांगतो), गोटी पान्यांचा सेट, पाईपच्या नटांसाठी फ्लेअर पाना कारण ते नट साध्या पान्याने गोल होतात, टाय रॉड एंडचा पुलर, टॉर्क रेंच, आदल्या रात्री मारायला गंज सोडवणारा स्प्रे, ऑइल झेलायला पसरट ट्रे, चिंध्या भरपूर, पांढरा पेंट मार्कर. नवीन स्प्लिट पिना आणि नायलॉक नट घ्याच, जुने परत लावायचे नाहीत. निघालेलं ऑइल गटारात नाही, कॅनमध्ये, गॅरेजवाला जुन्या इंजिन ऑइलबरोबर देऊन टाकतो.

सुरुवात करायच्या आधी चाकं सरळ, स्टेअरिंग सरळ, आणि स्टेअरिंग सीटबेल्टने बांधून टाकायचं. एअरबॅग असलेल्या गाडीत हे विसरून चालणार नाही, कॉलम रॅकपासून सुटल्यावर कोणी स्टेअरिंग गरागरा फिरवलं तर आतली गुंडाळलेली केबल तुटते. जॉइंट आणि पिनियनवर मार्करने रेघ मारा, टाय रॉड एंड किती आटे आत गेलाय ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे बसवल्यावर गाडी निदान अलाइनमेंटवाल्यापर्यंत सरळ जाईल.

अलाइनमेंटची वेळ आधीच घेऊन ठेवा आणि सोबत एक विचार करून जा. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागेपुढे कल) जितका जास्त तितकं स्टेअरिंग जड पण सरळ स्थिर, कमी केला की हलकं, त्यामुळे तुमच्या गाडीत कॅस्टर बदलता येत असेल तर मदत नसलेल्या गाडीला थोडा कमी चालतो. रुंद टायर आणि बाहेर आलेले रिम हे दोन्ही वजनासारखेच हाताला लागतात. मारुती ८०० ला कधी पॉवर स्टेअरिंगची गरज पडली नाही ती जेमतेम साडेसहाशे किलो आणि बारा इंचाच्या बारीक टायरमुळे, तुम्ही मात्र रुंद सेमी-स्लिक (कमी खाचांचे ट्रॅकचे टायर) लावून तसं हलकं स्टेअरिंग मागत असाल तर कसं होणार. लहान व्यासाचं शोभेचं स्टेअरिंग व्हील लावलेलं असेल तर ते आधी काढा, ३७०-३८० मिलिमीटरचं लावा, फरक लगेच कळतो.

पहिल्यांदा बाहेर काढताना सरळ ट्रॅकवर नाही, मोकळ्या आवारात. दोन्ही बाजूंना पूर्ण लॉकपर्यंत फिरवा, ब्रेकचा पाईप किंवा बूट कुठे घासतोय का ते दुसऱ्याला बघायला सांगा, आठचे आकडे मारा, मग ब्रेक मारत वळवून बघा. खांदे भरतील, पहिल्या दिवशी सेशन छोटी ठेवा. अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवून धरायची सवय असेल तर मोडा, कर्बवर (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) चाक आपटलं की झटका थेट हातात येतो, मध्ये आता ऑइल नाहीये. पहिल्या सेशननंतर रॅकचे क्लॅम्प, जॉइंटचा बोल्ट आणि टाय रॉडचे लॉकनट परत टॉर्कला लावून मार्करची रेघ जागेवर आहे ना बघा, दुसऱ्या सेशननंतर पुन्हा. काढलेला पंप, रॅक, पाईप हे सगळं एकदा काट्यावर ठेवा आणि खरा आकडा लिहून घ्या, पोर्टला टेप मारून लेबल लावून ठेवून द्या, व्हीएक्सवाला गिऱ्हाईक कधीतरी येतोच आणि रॅकचे अर्धे पैसे सुटतात.