संध्याकाळच्या धारेसाठी थांबू नका: वादळ-पुराआधी घर सोडण्याबाबत सल्ला

वडोदरा, सावली, वाघोडिया, डभोई, पादरा, करजण आणि शिनोर तालुक्यांतल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांसाठी. पावसाळाभर आणि ऑक्टोबर संपेपर्यंत हाताशी ठेवा.

अरबी समुद्रात वादळ उठलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, वारा इथवर पोचेल का? तौक्ते १७ मे २०२१ ला ऊनाजवळ धडकलं, बिपरजॉय १५ जून २०२३ ला जखाऊजवळ. वाऱ्याचा मोठा मार किनाऱ्याला बसतो, आपली केळी आडवी होते ते वेगळं. आपल्याला बुडवतं ते पाणी, आणि तेही आपल्याच डोक्यावरच्या ढगातलं असेल असं नाही. विश्वामित्री नदी पावागढाकडून येते, मध्ये आजवा तलाव आहे. ढाढर नदीला देव धरणाचं पाणी येतं, मही नदीला कडाणा आणि पानम धरणांचं, नर्मदाकाठच्या चांदोद-करनाळीला सरदार सरोवराचं. ऑगस्ट २०२४ मध्ये जमिनीवर कमी दाबाचं तीव्र क्षेत्रच होतं. कच्छ ओलांडून ते समुद्रात उतरलं तेव्हा कुठे त्याला 'असना' नाव मिळालं. तोवर विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर जाऊन आली होती. तेव्हा वादळाच्या नावाची वाट पाहू नका. हालोल-पावागढाकडे किती पडला आणि धरणाचे दरवाजे किती उघडले, हे तलाठ्याला विचारा.

आता मुद्द्याचं. दरवेळी माणसं अडकतात ती एकाच वाक्यावर: "संध्याकाळची धार काढतो, दूध मंडळीत (डेअरीत) घालतो, मग निघू." दूध घालून घरी येईपर्यंत अंधार पडतो. फरशी पुलावर पाणी चढलेलं असतं, वीज गेलेली असते, मगरी आणि साप पाण्याबरोबर बांधावर आलेले असतात. मग घरचे तेवढे ट्रॅक्टरवर बसतात आणि गुरं दाव्याला राहतात. म्हैस पोहते हो, चांगली पोहते, पण मोकळी असेल तर. भिजलेलं दावं फुगतं, निरगाठ बोटांनी सुटत नाही. पाणी छातीला लागल्यावर विळा शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

म्हणून घरच्यांच्या निघण्याची वेळ गुरांवरून ठरवा. गुरं हलली की आजी आपोआप उठते. "म्हशीला सोडून मी येणार नाही" हे तिचं म्हणणं तिथेच मिटतं.

हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला की त्याच दिवशी दुपारच्या आत गाभण, आजारी जनावरं आणि वासरं उंचावर न्या, दुभतीही त्यांच्याबरोबर. धार तिकडेच काढा. दूध वाया गेलं तर एका वेळचं जाईल. लाल इशारा आला किंवा धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला, तर पाऊस नसला तरी निघा. पाऊस उघडल्यावरच पाणी चढताना वडोद्याने पाहिलं आहे.

एक माझा स्वतःचा अंदाज, सरकारी पत्रकात सापडणार नाही. गावच्या कांसेकडे, म्हणजे पाणी नदीत नेणाऱ्या नाल्याकडे बघा. तिचं पाणी नदीकडे जायचं थांबलं, काडीकचरा जागच्या जागी फिरायला लागला, तर नदी पाणी घेत नाही असं समजा. त्यानंतर सामान भरत बसायचं नाही. दावी कापा, गुरं मोकळी सोडा, घरचे चालू लागा. वाहत्या पाण्यातून ट्रॅक्टर घालू नका, गुडघाभर असलं तरी.

आजच करायची कामं:
– दाव्याला सुरगाठ, साखळी बंद. गोठ्याच्या मेढीला विळा टांगलेला
– घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी
– कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर आणि जनावराचा फोटो मोबाईलमध्ये
– सुका चारा उंचावर, जनावरामागे रोज ५-६ किलो, तीन दिवसांचा
– इशारा आल्यावर मेन स्विच बंद, मोटार-स्टार्टर काढून वर
– बियाणं, खत, औषधं माळ्यावर
– केळीला टेकू, तयार घड उतरवलेले
– शेताच्या चरांची तोंडं मोकळी
– इशारा आल्यावर फवारणी आणि खत बंद

पाणी ओसरलं की दुकानदार बाटली पुढे करेल: पिकाचा ताण घालवणारं औषध, टॉनिक, ह्युमिक, अमुक-तमुक. पैसे जपून ठेवा. कपाशीत आधी पाणी बाहेर काढा. पानं मलूल होऊन झाड बसायला लागलं, तर २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात कालवून झाडाच्या बुडाशी २५० ते ५०० मिली ओता. मलूल दिसल्यावर एक-दोन दिवसांत केलं तरच उपयोग. तूर पाण्यात फार काळ उभी राहिली असेल तर तिच्यावर खर्च करूच नका, माझ्या मते ती गेली. त्या जागी रब्बीची तयारी करा.

भिजलेला, बुरशी धरलेला चारा गुरांना घालू नका. जनावर दगावलं तर पंचनामा आणि पशुवैद्याचा दाखला होईपर्यंत पुरू नका. बिल्ल्याचा नंबर आणि जनावराचा फोटो तिथे लागतो.