नखं घासताना या चुका टाळा, ओढणीत नख अडकणार नाही

ठाणे स्टेशनात सकाळच्या गर्दीत ओढणी सावरताना नख अडकायचं, सर्रकन धागा निघायचा आणि नखाचा कोपराही उचकटायचा. माझी नखंच कमजोर आहेत, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. चुकत होती ती माझी घासायची पद्धत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे करवतीसारखं मागे-पुढे घासणं. नख म्हणजे केराटिन या प्रथिनाचे एकावर एक बसलेले पातळ थर. फाईल, म्हणजे नखं घासायची पट्टी, उलटसुलट फिरली की टोकाशी ते खारीच्या पापुद्र्यांसारखे सुटायला लागतात. फाईल कडेकडून मधल्या टोकाकडे न्या, उचला, पुन्हा कडेला ठेवा. दोन्ही बाजूंनी असंच. वेळ थोडा जास्त लागतो, पण फरक पहिल्याच आठवड्यात दिसतो. कोपरे मात्र आत खोलवर घासू नका, तिथला आधार गेला की नख तिथूनच तुटतं.

भांडी घासून किंवा आंघोळ करून आल्याआल्या फाईल हातात घेऊ नका. पाणी प्यायलेलं नख मऊ असतं. कापायला ते बरं, घासायला नाही. हात पुसून अर्धा तास जाऊ द्या. पावसाळ्यात आमच्याकडे हवाच ओली असते, तेव्हा तर नक्कीच.

नेलकटरला जोडलेली पत्र्याची फाईल मी वापरणं सोडलं, फार खरखरीत असते. जांभळी नाक्याच्या बाजारात फाईल घेताना तिच्यावरचा आकडा बघा. आकडा जितका मोठा, तितका खरखरीतपणा कमी. आपल्या नैसर्गिक नखांना 180 ते 240 पुरे. 80 किंवा 100 ची फाईल कृत्रिम नखांसाठी असते. काचेची मिळाली तर उत्तमच, धुऊन वर्षानुवर्षं वापरता येते. फक्त फरशीवर पाडू नका.

एवढं करूनही कड खरखरीत लागते? नख उजेडात धरून बघा. टोकाखाली घासल्याचा पांढरा बुरा लोंबत असतो. फाईल किंचित तिरकी धरून वरून खाली एक-दोनदा हलकेच फिरवा. मग कोरड्या कापसाचा बोळा कडेवरून ओढा. जिथे तंतू अडकेल, तेवढ्याच जागी आणखी एक हात. बाकीच्या नखाला हात लावू नका.

नख चिरलं असेल तर फाईलने चीर जात नाही, उलट वाढते. आधी चिरेपर्यंत कापा, मग आकार द्या.

चकाकीसाठी बफर, म्हणजे नख घासून गुळगुळीत करणारी मऊ पट्टी, महिन्यातून एकदाच, तोही हलक्या हाताने. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहाएक महिने लागतात. आज पातळ केलेलं नख तेवढे दिवस तसंच वागवावं लागतं. तोवर रोज रात्री झोपताना खोबरेल तेलाचा एक थेंब नखांच्या मुळांशी चोळा.