सीओपीडी असलेला मित्र अचानक रुग्णालयात दाखल होतो तेव्हा

सीओपीडी हा श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. वर्षानुवर्षे तो आटोक्यात असल्यासारखा वाटतो आणि मग साध्या सर्दी-खोकल्याच्या, थंडीच्या किंवा धुराच्या निमित्ताने एक-दोन दिवसांत बळावतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तो होतो हे सर्वांना ठाऊक असते. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रियांनाही तो होतो, मात्र त्यांची धाप 'वयामुळे लागते' म्हणून अनेकदा सोडून दिली जाते. अशा वेळी सोबत असलेल्या मित्राला उपचार करता येत नाहीत, परंतु रुग्णाचा नेहमीचा दम कसा असतो आणि आज तो किती वेगळा आहे, हे डॉक्टरांना नेमके सांगणारा माणूस बहुधा तोच असतो.

एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, बोलणे असंबद्ध झाले असेल किंवा पंप (श्वासातून औषध घेण्याचा इनहेलर) घेऊनही आराम पडत नसेल, तर वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत मित्राला आडवे न करता बसवावे आणि पुढे थोडे झुकून टेबलावर किंवा उशीवर हात टेकू द्यावेत, कारण त्या स्थितीत श्वास घेणे सोपे जाते. डॉक्टरांनी तातडीसाठी दिलेला पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्यावा. झोपेची गोळी मात्र मुळीच देऊ नये, कारण तिने श्वास आणखी मंदावतो.

निघताना जुनी फाईल, आधीचे डिस्चार्ज कार्ड, छातीचे एक्स-रे, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चालू असलेली सगळी औषधे पंपांसह एका पिशवीत घ्यावीत. 'निळा पंप' किंवा 'ती पांढरी गोळी' एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. पाकिटे समोर ठेवली की प्रश्नच उरत नाही. बरे असताना रक्तातील ऑक्सिजन किती टक्के असतो, जिना चढता येतो का, यापूर्वी अतिदक्षता विभागात ठेवावे लागले होते का, बेडक्याचा रंग कधीपासून बदलला आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, ही उत्तरे वाटेतच कागदावर लिहून ठेवावीत. मित्राला विचारताना 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर द्यावे लागेल असे प्रश्न विचारावेत, म्हणजे बोलण्यात त्याचा दम खर्च होणार नाही. जवळच्या नातेवाइकांना याच वेळी कळवावे, कारण संमतिपत्रावर सहीसाठी रुग्णालय त्यांनाच विचारील.

ऑक्सिजनविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. कोविडच्या काळापासून रक्तातील ऑक्सिजनचा 94-95 टक्के हा आकडा सर्वांच्या मनात इतका पक्का बसला आहे की मॉनिटरवर 90 दिसताच नातेवाईक घाबरतात आणि ऑक्सिजन वाढवण्याचा आग्रह धरतात. सीओपीडीच्या अनेक रुग्णांत मात्र डॉक्टर ही पातळी हेतुपुरस्सर 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात, कारण गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर तो दिसत नाही. त्यासाठी धमनीतील रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. म्हणूनच ऑक्सिजनचा फ्लो स्वतःच्या हाताने कधीही कमी-जास्त करू नये. 'यांच्यासाठी किती पातळी ठरवली आहे?' असे परिचारिकेला विचारून ती लक्षात ठेवावी.

याच कारणाने रात्रभर धापा टाकणारा मित्र अचानक गुंगल्यासारखा झोपला, तर 'बरे झाले, डोळा लागला' असे समजून गप्प बसू नये. तो हाकेला नीट उत्तर देतो का ते पाहावे. देत नसेल, बरळत असेल किंवा त्याचे हात थरथरत असतील, तर लगेच परिचारिकेला बोलवावे, कारण ही कार्बन डायऑक्साइड वाढल्याची खूण असू शकते. अशा वेळी बहुतेकदा बायपॅप हे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र लावले जाते. त्याचा घट्ट मास्क आणि जोराची हवा यांमुळे रुग्ण घाबरतो आणि मास्क काढू पाहतो. त्याचा हात धरून, यंत्राच्या लयीबरोबर हळूहळू श्वास घ्यायला सांगत शेजारी बसणे हे मित्राचे या काळातले सर्वांत मोलाचे काम आहे, आणि गर्दीच्या वॉर्डात तेवढा वेळ कर्मचाऱ्यांना क्वचितच मिळतो. मास्क असताना परिचारिकेला विचारल्याशिवाय पाणीही पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

खर्चाची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात रुग्णांना मदत करणारा योजनेचा कर्मचारी, म्हणजे आरोग्यमित्र, असतो. त्याला रेशन कार्ड दाखवून हा उपचार योजनेत बसतो का, ते विचारावे. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. खासगी विमा असल्यास कंपनीला तत्काळ कळवावे.

डिस्चार्जच्या वेळी कोणता पंप रोजचा आणि कोणता तातडीचा, हे डब्यांवर मराठीत लिहून घ्यावे आणि मित्राला तो डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवायला सांगावे, कारण पंप ओढण्याची चुकीची पद्धत हे औषध लागू न पडण्याचे नेहमीचे कारण आहे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी कधी घ्यायच्या, हेही विचारावे. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र) लागणार असेल, तर तो गॅसची शेगडी, निरांजन आणि अगरबत्ती यांपासून दूर ठेवावा, त्या खोलीत कोणालाही बिडी पेटवू देऊ नये आणि वीज गेल्यास उपयोगी पडेल असा भरलेला लहान सिलिंडर मित्र घरी पोहोचण्याआधीच आणून ठेवावा.