मिक्सिंगसाठी संदर्भ हेडफोन कसा निवडावा

गाणी ऐकण्यासाठी घेतलेला हेडफोन आणि गाण्याचे मिक्सिंग करण्यासाठी, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज तोलून एकत्र आणण्यासाठी, घेतलेला संदर्भ हेडफोन यांच्याकडून असलेल्या अपेक्षा जवळजवळ उलट असतात. पहिल्याने रेकॉर्डिंगमधले उणेपण झाकले तर त्याचे कौतुक होते. दुसऱ्याने तेच केले तर तो कामाचा नाही. माझे सुरुवातीचे काही मिक्स मी बास फुगवून ऐकवणाऱ्या एका हेडफोनवर केले. कानाला सगळे भरदार वाटत असल्यामुळे किक ड्रम आणि बास गिटार मी सतत खाली आणत राहिलो आणि तेच मिक्स गाडीत लावले तेव्हा गाण्याखालची जमीनच नाहीशी झालेली होती. तेव्हापासून हेडफोन पारखताना मी एकच प्रश्न विचारतो: यावर घेतलेला निर्णय इतर ठिकाणी टिकतो का?

पायरी १: आधी काम ठरवा

मागची बाजू बंद असलेल्या, म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोनमधून आवाज बाहेर फारसा गळत नाही. मायक्रोफोनसमोर गाणाऱ्याच्या कानातला क्लिक ट्रॅक (ताल धरण्यासाठीची टिकटिक) रेकॉर्डिंगमध्ये उतरू नये, यासाठी तो लागतोच. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो आणि सोनीचा एमडीआर-७५०६ हे या जातीचे स्टुडिओत नेहमी दिसणारे हेडफोन आहेत. मात्र आवाज निर्माण करणाऱ्या ड्रायव्हरच्या पडद्यामागून निघणारा आवाज बंद कपात अडकतो, आतल्या आत परावर्तित होतो आणि बासमध्ये किंवा खालच्या मिडमध्ये (बासच्या लगेच वरच्या भागात) स्वतःचा रंग मिसळू शकतो.

सेनहायझरचा एचडी ६०० किंवा बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो यांसारख्या ओपन-बॅक हेडफोनमध्ये हा मागचा आवाज जाळीतून बाहेर निघून जातो, त्यामुळे ऐकणे मोकळे वाटते आणि तासन्‌तास काम केले तरी कान लवकर थकत नाहीत. त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. खोलीतला पंखासुद्धा ऐकू येतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये अगदी खालचा बास हळूहळू विरत जातो. एकेजीचा के२४० हा अर्धवट उघडा प्रकार या दोहोंच्या मधला आहे. खोली शांत असेल आणि काम मुख्यतः मिक्सिंगचे असेल, तर ओपन-बॅक घ्यावा. त्याच खोलीत माइक लावून गायन रेकॉर्ड होणार असेल आणि एकच हेडफोन घेणे शक्य असेल, तर क्लोज्ड-बॅक घेण्याला पर्याय नाही.

पायरी २: फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेख वाचा, पण बेताने

फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे हेडफोन खालपासून वरपर्यंतची कोणती कंपने किती जोराने ऐकवतो ते. ‘फ्लॅट’, म्हणजे काहीच वाढवून किंवा घटवून न ऐकवणाऱ्या, हेडफोनचा आलेख सरळ रेषेसारखा दिसावा, ही समजूत चुकीची आहे. बाहेरचा कान आणि कानाची नळी मिळून ३ किलोहर्ट्‌झच्या आसपासचा भाग बराच उचलतात. समोरच्या स्पीकरचा आवाजही कानाच्या पडद्यापर्यंत असाच उंचवटा घेऊन पोहोचतो. हेडफोनने स्पीकरसारखे ऐकवावे असे वाटत असेल, तर कानाच्या पडद्यापाशी घेतलेल्या मापनात हा उंचवटा दिसलाच पाहिजे. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हर्मनमध्ये श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन जो लक्ष्य-आलेख मांडला, त्याचा पायाही चांगल्या खोलीतले चांगले स्पीकर हाच आहे. पडताळणीसाठी तो उपयोगी आहे, मात्र त्याला धर्मग्रंथ मानू नये.

आलेखात रुंद चढउतार आधी पाहावेत. २०० ते ५०० हर्ट्‌झमधला २-३ डेसिबलचा रुंद फुगवटा संपूर्ण मिक्सचा तोल बिघडवतो, तर ९ किलोहर्ट्‌झवरची अरुंद खाच कित्येकदा मापनाच्या साधनामुळे किंवा हेडफोन कसा बसला यामुळे आलेली असते. हेडफोन जे वाढवून ऐकवतो, ते मिक्समध्ये कमी पडते. डीटी ९९० प्रोचा वरचा ट्रेबल चांगलाच उठावदार आहे; सवय नसलेला माणूस त्यावर गायकाचे ‘स’ आणि ‘श’ इतके कापतो, की दुसरीकडे तो आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा वाटतो. ज्याला ही खोड ठाऊक आहे, त्याचे त्याच हेडफोनवर उत्तम काम होते.

पायरी ३: तुमचा इंटरफेस तो चालवू शकतो का, ते तपासा

इंटरफेस म्हणजे माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी. इथे दोन आकडे लागतात: इम्पिडन्स, म्हणजे हेडफोनचा विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीला तो किती मोठा आवाज देतो ते. समजा, हेडफोन ३०० ओहमचा असून १ मिलिवॉटला ९७ डेसिबल देतो. संगीतातल्या क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबलची सोय हवी असेल, तर १३ डेसिबल जास्त, म्हणजे सुमारे २० मिलिवॉट लागतील आणि ३०० ओहमवर त्यासाठी जवळजवळ २.४५ व्होल्ट द्यावे लागतील. तेवढीच सेन्सिटिव्हिटी असलेल्या ३२ ओहमच्या हेडफोनला तेच काम ०.८ व्होल्टमध्ये जमते, मात्र विद्युतप्रवाह जास्त लागतो. फोनला लावायचे अनेक छोटे डोंगल १ व्होल्टच्या आसपास थांबतात. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा आवृत्त्यांत निघाला आहे, तो याचसाठी. नाव तेच दिसले म्हणून हाताला लागेल तो उचलू नये.

इंटरफेसच्या हेडफोन जॅकचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स हा याहून कमी बोलला जाणारा मुद्दा आहे. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा कामापुरता नियम आहे. कारण साध्या डायनॅमिक (कॉइल आणि चुंबकावर चालणाऱ्या) हेडफोनचा इम्पिडन्स सर्व फ्रीक्वेन्सींना सारखा नसतो. ३२ ओहमचा एखादा हेडफोन १०० हर्ट्‌झपाशी ७० ओहमपर्यंत चढत असेल आणि जॅकचा आउटपुट इम्पिडन्स ३० ओहम असेल, तर तिथला बास सुमारे २.६ डेसिबलने वाढलेला ऐकू येईल आणि दोष मात्र हेडफोनच्या माथी जाईल. प्लॅनर (कॉइलऐवजी सपाट पडद्यावरच वाहक पट्ट्या असलेल्या) हेडफोनचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे त्यांना ही बाधा होत नाही.

पायरी ४: स्वतःच्या कानांनी परीक्षा घ्या

दोन हेडफोनची तुलना करण्याआधी त्यांचे आवाज समान पातळीवर आणावेत. एक डेसिबलचा फरकसुद्धा ‘मोठा’ म्हणून जाणवण्याआधी ‘चांगला’ म्हणून जाणवतो. पिंक नॉइज (सर्व सप्तकांत सारखी शक्ती असलेला सरसर आवाज) वाजवून दोन्ही हेडफोन कानाला सारखेच मोठे वाटेपर्यंत नॉब फिरवावा आणि त्या खुणा टिपून ठेवाव्यात.

मग तोच पिंक नॉइज मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच आवाज देऊन, ऐकावा. तो डोक्याच्या बरोबर मध्यावर, एका बिंदूसारखा बसायला हवा. तो डावीकडे सरकलेला वाटला, तर हेडफोन उलटा घालावा. सरकणे आता उजवीकडे गेले तर दोन ड्रायव्हर जुळलेले नाहीत आणि डावीकडेच राहिले तर तुमच्या दोन कानांतच फरक आहे. तो फरक प्रत्येक हेडफोनवर सोबत येणार. यानंतर २० हर्ट्‌झपासून वर चढत जाणारा साइन स्वीप (सलग सरकत जाणारा एकच शुद्ध स्वर) हळू आवाजात ऐकावा. खाली बास कुठून ऐकू येऊ लागतो आणि कुठे फडफड ऐकू येते, याकडे लक्ष द्यावे. ६ ते १० किलोहर्ट्‌झमध्ये जे चढउतार जाणवतील, त्यांतले बरेचसे तुमच्याच कानाच्या नळीचे असतात.

खरी परीक्षा यापुढची आहे. आपल्याच एखाद्या मल्टिट्रॅकच्या (प्रत्येक वाद्य आणि गायन वेगळ्या ट्रॅकवर असलेल्या रेकॉर्डिंगच्या) तीन प्रती कराव्यात. पहिली जशीच्या तशी ठेवावी, दुसरीत गायनाला ३०० हर्ट्‌झवर रुंद २ डेसिबल वाढ द्यावी आणि तिसरीत गायनाचा फेडर (आवाजाची पातळी ठरवणारी सरकपट्टी) १ डेसिबलने खाली ओढावा. आधी पहिली आणि दुसरी घ्यावी. कोणाला तरी त्यांपैकी एक दर वेळी नाणे उडवून निवडायला आणि १० वेळा वाजवायला सांगावे, आपण पाठ फिरवून कोणती वाजली ते लिहावे. ९ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर ते नुसत्या अंदाजाने साधण्याची शक्यता शंभरात सुमारे एक असते. मग तिसऱ्या प्रतीबरोबर हेच करावे. ज्या हेडफोनवर एवढे छोटे फरक सहज पकडता येतात, तो ऐकायला थोडा रूक्ष असला तरी कामाचा आहे. यासोबत डग्ग्याच्या मींडेचे एखादे स्वच्छ रेकॉर्डिंगही ऐकावे. घुमार एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकताना मध्येच कुठे फुगत असेल किंवा गायब होत असेल, तर बासमधला खड्डा तिथेच आहे.

पायरी ५: डोक्यावर दोन तास ठेवा

दुकानातली पाच मिनिटे फसवी असतात. चष्म्याच्या काडीमुळे क्लोज्ड-बॅक हेडफोनची गादी त्वचेवर नीट टेकत नाही आणि त्या फटीतून बास निसटतो. म्हणून चष्मा लावूनच ऐकावे. झिजून चपट्या झालेल्या इअरपॅडमुळेही आवाजाचा तोल बदलतो. पॅड आणि केबल सुटे मिळतात का आणि घरी बदलता येतात का, हे विकत घेण्याआधीच विचारावे.

पायरी ६: घेतल्यावर त्याची ओळख करून घ्या

स्पीकरसमोर बसल्यावर डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानापर्यंतही किंचित उशिरा पोहोचतो. हेडफोनमध्ये ते घडत नाही, त्यामुळे पॅनिंग, म्हणजे आवाजांची डावी-उजवीकडची मांडणी, अवास्तव रुंद वाटते. शिवाय खोलीचा स्वतःचा घुमणारा आवाज ऐकण्यात मिसळत नसल्याने रिव्हर्ब (गाण्याला दिलेली घुमण्याची छटा) फार स्पष्ट ऐकू येतो आणि माणूस तो गरजेपेक्षा कमी ठेवतो. पॅनिंगमधला फरक भरून काढण्यासाठी एका बाजूचा आवाज थोडा दुसऱ्या कानातही मिसळणाऱ्या क्रॉसफीडची कल्पना बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्येच मांडली होती आणि आता ते प्लगइनच्या, म्हणजे मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, रूपात मिळते. पॅनिंग ठरवताना ते लावून पाहावे, पण बास आणि ट्रेबलचे निर्णय त्यावर सोपवू नयेत.

आवाजाची पातळी एकच ठरवून घ्यावी, कारण आवाज वाढवला की बास आणि अगदी वरचा ट्रेबल प्रमाणाबाहेर वाढल्यासारखे वाटतात आणि मिक्सचा तोल बदलल्याचा भास होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे. रोज मिक्सिंग करणाऱ्याने ती भिंतीवर चिकटवून ठेवावी.

पहिला महिना नवे मिक्स हाती घेण्याआधी रोज अर्धा तास परिचयाची, उत्तम मिक्स झालेली पाच-सहा गाणी याच हेडफोनवर, याच पातळीवर ऐकावीत. मग एक मिक्स पूर्ण करून ते गाडीत, फोनच्या स्पीकरवर आणि कोणत्याही एका साध्या इअरफोनवर ऐकावे आणि जे जे चुकले ते वहीत लिहावे: ‘बास कमी पडला’, ‘गायन पुढे आले’. तीन-चार मिक्सनंतर त्याच त्या नोंदी पुन्हा पुन्हा येऊ लागतात. पुढच्या मिक्सला बसताना ती वही कीबोर्डशेजारी उघडी ठेवावी.