भिंतींचा रंग निवडताना या चुका टाळा, मग पेंटरला बोलवा

आषाढ सरत आला की फोन सुरू होतात. गणपतीला पाहुणे येणार आहेत, सोपा म्हणजे पुढची खोली आणि माजघर तेवढं करून द्या, रंग आम्ही निवडलाय. मी पहिला प्रश्न विचारतो, कुठं निवडला? उत्तरं ठरलेली आहेत: मोबाइलवर, दुकानात शेड कार्डावर, नाहीतर ‘भावजींच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बघितला, सेम तसाच पाहिजे’. भावजींचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, चारी बाजूंनी मोकळा. तुमचं घर इथं बेळगावात, अनगोळच्या नाहीतर वडगावच्या गल्लीत, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, उजेड येणार तो पुढच्या दारातून आणि मागच्या परसातून. मधल्या खोलीत दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते. तिथं तोच डबा, तोच नंबर लावला तरी तो रंग दिसणार नाही. यात दुकानदाराची लबाडी नाही आणि पेंटरचीही नाही. तरी दरवर्षी शिव्या आम्हीच खातो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

दुकानातला उजेड घरी येत नाही

दुकानात बहुतेक 6500 केल्विनचे पांढरेफटक एलईडी असतात, घरी हॉलमध्ये कुणी 3000 केल्विनचे पिवळसर दिवे लावलेले असतात. पांढऱ्या दिव्याखाली शांत वाटलेला राखाडी पिवळ्या दिव्याखाली मळका दिसतो. फिकट निळ्याचा हिरवट होतो. दिवे बदलायचे असतील तर आधी दिवे बदला, मग रंग बघा. लोक नेमकं उलटं करतात.

दुसरी गोष्ट, शेड कार्डावरचा तुकडा दोन बोटांचा. तो चार भिंतींवर पसरला की गडद वाटतो, कारण भिंती एकमेकींवर उजेड फेकतात आणि रंगात रंग मिसळत जातो. कार्डावर जो आवडला त्याच पट्टीतला एक-दोन घरं वरचा, म्हणजे फिकट, रंग बघा. फिकट बदामी म्हणून घेतलेला रंग कोपऱ्यात पार बिस्किटासारखा झालेला मी कितीतरी घरांत बघितलाय. मोबाइलबद्दल तर बोलायलाच नको. त्याच्या काचेतून उजेड बाहेर येतो, तुमच्या भिंतीतून येत नाही.

माझी सवय साधी आहे. मुलांचं परीक्षेचं जुनं पॅड घ्यायचं, त्यावर पांढरा प्रायमर, तो वाळला की पसंतीच्या रंगाचे दोन हात. सगळ्यांत लहान डबी आणायची, उरलेला रंग वाया गेला तरी चालतो. पॅड आधी कोपऱ्यात उभं करायचं, मग दाराच्या चौकटीजवळ, मग खाली फरशीला टेकवून. सकाळी बघायचं, दुपारी बघायचं, दिवेलागणीनंतर बघायचं. जुन्या भिंतीवरच ठिगळासारखा पट्टा मारून बघू नका. आजूबाजूला जुना पिस्ता असला की मधला क्रीम गुलाबी वाटणार, डोळ्याचा धर्मच तो. ‘एवढा वेळ कुणाला आहे हो’ असं म्हणणारे भेटतात. एक दिवस थांबायची तयारी नाही आणि आवडला नाही तरी पाच-सात वर्षं तोच रंग बघत बसायची आहे, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही.

समोरच्या घराची भिंत

ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. शहापुरातल्या एका अरुंद गल्लीतलं घर, मालक निवृत्त शिक्षक. मुलानं हौसेनं राखाडी झाक असलेला पांढरा निवडला आणि दुसऱ्या एका पेंटरकडून लावून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात एकच गोंधळ: ‘हे काय हो, हिरवट दिसतंय की!’ दुकानातल्या रंग मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनवर संशय आला. मुलानं दुसऱ्या दुकानातून तोच कोड सांगून नवा डबा आणला, वरून आणखी एक हात दिला. पुन्हा हिरवट. मग पुट्टीवर संशय, मग प्रायमरवर, आणि शेवटी पेंटरच्या जुन्या ब्रशवर. मला बोलावणं आलं तोवर दोन वेळचे रंगाचे पैसे आणि घरातलं बोलणं-चालणं दोन्ही संपलं होतं.

मी गेलो ते सकाळी दहाच्या सुमाराला. वहीतलं एक कोरं पान फाडून भिंतीला लावलं. पानसुद्धा हिरवट! सर म्हणाले, ‘कागद कसा हो हिरवा होईल?’ मी खिडकीकडं बोट केलं. गल्लीपलीकडच्या घरानं त्याच उन्हाळ्यात, लग्नासाठी म्हणून, पुढची अख्खी भिंत पोपटी करून घेतली होती. सरांच्या खिडक्या पश्चिमेला. सकाळचं ऊन समोरच्या पोपटी भिंतीवर पडणार आणि तिथून हिरवं होऊन सरांच्या सोप्यात येणार. दुपारनंतर ऊन थेट खिडकीतून आलं की भिंत पुन्हा नीट दिसायची. म्हणूनच मुलगा कामावरून संध्याकाळी आला की म्हणायचा, ‘कुठाय हिरवट?’ आणि दिवसभर घरात असलेल्या काकू म्हणायच्या, ‘तू सकाळी बघ.’ दोघंही खरंच बोलत होते.

पांढऱ्याजवळचे आणि फिके राखाडी रंग असेच असतात. त्यांच्यात स्वतःचा रंग थोडा, त्यामुळं खिडकीतून जो उजेड येईल तो ते दाखवतात. समोरच्याला रंग बदला म्हणायची सोय नव्हती. इकडची पुरणपोळी तिकडं आणि तिकडची खीर इकडं जाते, एका भिंतीपायी ते कोण मोडणार? मी किंचित तांबूस झाक असलेला क्रीम सुचवला. तांबूसपणा हिरव्याला मारतो. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पातळ पांढरा पडदा. सकाळी अगदी बारकाईनं बघितलं तर झाक अजून कळते, पण आता ती कुणी शोधत नाही.

तेव्हापासून कुठल्याही घरात शिरलो की मी आधी खिडकीतून बाहेर बघतो आणि मग पायाखाली. लाल सिमेंटची जुनी गुळगुळीत जमीन असेल तर तिच्यावर पडलेलं ऊन खालच्या हातभर भिंतीला गुलाबी करतं. शहाबादी फरशी तसा त्रास देत नाही. परसात केळी-आंबा दाट असेल तर मागच्या खोलीला हिरवी झाक येणारच. कोरा कागद दोन-तीन ठिकाणी धरून बघा, फुकट आहे.

चौकटी आणि दारं

भिंतीचा रंग आधी ठरवायचा आणि चौकटींना ‘काहीतरी मॅचिंग’ मारायचं, ही सर्रास पद्धत. उलटं करा. फरशी, लाकूड, टाइल्स या गोष्टी तुम्ही बदलणार नाही. भिंतीचा रंग सगळ्यांत स्वस्तात बदलतो, म्हणून तो शेवटी ठरवायचा. जुन्या घरांत चॉकलेटी ऑइल पेंटच्या थरांखाली अस्सल सागवान निघतं. कोपऱ्यात जरा खरवडून बघा. सागवान निघालं तर थर काढून पॉलिश करा. पॉलिश केलेलं सागवान नारंगी-तपकिरी दिसतं, आणि त्याच्याशेजारी गुलाबीसर बेज रंग भांडतो. फणसाचं लाकूड आधी पिवळं असतं आणि वर्षांगणिक तांबूस होत जातं, तेही धरून चाला.

पांढऱ्या दारांची हौस हल्ली फार वाढलीय. हरकत नाही, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. क्रीम भिंतीशेजारी झकपांढरं दार लावलं की भिंत धुवायला आलीय असं वाटतं. दारालाही त्याच घराण्यातला, जरा दुधी पांढरा घ्या. दुसरं, नेहमीचा पांढरा ऑइल पेंट वर्षभरात पिवळसर पडायला लागतो, आणि जिथं उजेड कमी तिथं जास्त पडतो. दारामागं टांगलेलं कॅलेंडर काढा, त्याखालचा चौकोन बाकीच्या दारापेक्षा पिवळा दिसेल. लोकांना वाटतं उन्हानं रंग पिवळा होतो, इथं उलट आहे. पांढरंच हवं असेल तर पाण्यात मिसळणारा इनॅमल वापरा. वाळायला वेळ कमी आणि वासही कमी. दोन पैसे जास्त जातात, जाऊ देत.

श्रावणातली घाई

बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला भिंती श्रावणात ओल्या असतात, हे तिथल्या माणसाला मी सांगायचं? तरी गणपतीआधी रंग हवाच असतो. अथणीच्या मेव्हण्यानं जुलैत रंग दिला आणि काही झालं नाही, हा दाखला मला देऊ नका. अथणीचा पाऊस आणि खानापूरचा पाऊस यांची बरोबरीच नाही. रात्री भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावा. दुसऱ्या दिवशी आतून पाण्याचे थेंब दिसले तर डबा उघडू नका. नव्या गिलाव्याला किमान 28 दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त. कच्च्या गिलाव्यातला क्षार रंग खातो आणि भिंतीवर फिकट ढग उमटतात. मग शेड चुकली म्हणून दुकानदाराशी भांडण.

मातीच्या जुन्या भिंतींवर प्लास्टिक पेंट देऊच नका. ओल आत कोंडते आणि एक दिवस रंगाचा पापुद्रा ताटाएवढा सुटून खाली येतो. त्यांना चुनाच बरा. चुन्यातही मोतिया, आकाशी, फिका गेरू अशा छटा सुंदर होतात, पण आजकाल चुना म्हटलं की लोकांना कमीपणा वाटतो.

आणि हो, मे महिन्यातल्या कडक उन्हात निवडलेला निळसर राखाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या ढगाळ उजेडात कसा दिसेल याचाही विचार करा. चार महिने आभाळ बाहेरही आणि घरातही.

बाकीचं थोडक्यात

उंचसखल भिंतीवर चकचकीत फिनिश देऊ नका, गवंड्याचं सगळं पाप दिसतं. गॅसच्या मागं मॅट नको, तेलाचे डाग निघत नाहीत. एकच भिंत भडक पिवळी किंवा लाल करायची असेल तर हे रंग खालचं नीट झाकत नाहीत, तीन-चार हात धरूनच हिशोब करा. एका खोलीला दोन डबे लागणार असतील तर दोन्ही एका बादलीत ओतून ढवळून घ्या, नाहीतर मध्येच रेघ दिसते. बुटक्या खोलीचं छत पांढरंच राहू द्या. देवघराला रंग निवडताना समईचा धूर कुठं जातो ते बघा.

काम झालं की शेडचा कोड, बेस (ज्यात मशीन रंग मिसळतं तो मूळ रंग) आणि फिनिश कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवा. डब्यावरचं लेबल दोन वर्षांत गळून पडतं, आणि ‘तोच तो क्रीम’ एवढ्यावर कुठलंच मशीन रंग काढून देत नाही. उरलेला अर्धा लिटर लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरून ठेवा, मोठ्या डब्यात ठेवलात तर वर साय धरते.