ए लेव्हलचे तीन विषय कसे निवडावेत

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी पालकांकडून, मूल इयर ११ मध्ये (पंधरा-सोळा वर्षांचे) गेले की, मला हटकून एकच प्रश्न येतो: "सायन्सला घालावे की कॉमर्सला?" सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे इयर १२ आणि १३ या दोन वर्षांत, शाखा नसतात. या दोन वर्षांच्या शेवटी होणाऱ्या ए लेव्हल परीक्षेसाठी मूल सहसा तीन विषय घेते आणि ते रसायनशास्त्र, इतिहास व गणित असे असले तरी कोणाची हरकत नसते. अकरावीचा आपला जुना साचा बाजूला ठेवल्याशिवाय पुढचे वाचण्यात अर्थ नाही.

कॉलेजची विषयवार प्रवेशअट आधी पाहावी आणि जीसीएसईच्या (इयर ११ अखेरच्या परीक्षेच्या) अपेक्षित ग्रेडवर जे बसत नाही ते सरळ काटावे. पहिला विषय मुलाने निवडावा: ज्याचे पुस्तक न सांगता उघडले जाते तो. या दोन्ही गोष्टी एका संध्याकाळी उरकतात.

खरी अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या विषयाची असते, कारण ते पुढच्या पदवीकडून उलटे मोजत यावे लागतात. माझ्या थोरल्या मुलाला कम्प्युटर सायन्सची पदवी घ्यायची होती. आम्ही त्याला कम्प्युटर सायन्स, फिजिक्स आणि बिझनेस हे विषय घेऊ दिले. जीसीएसईच्या गणितात जेमतेम ६ (९ हा सर्वोच्च ग्रेड) होते, आणि शाळेतल्या सल्लागारांनी "कम्प्युटर सायन्स आहे ना, मग झाले" असे सांगितल्यावर आम्हीही गणिताचा हट्ट सोडला. इयर १२ च्या फेब्रुवारीत त्याने आपल्या यादीतल्या सहा अभ्यासक्रमांची पाने उघडली, तेव्हा पाच ठिकाणी ए लेव्हल गणित अनिवार्य होते आणि ए लेव्हल कम्प्युटर सायन्स एकाही ठिकाणी अनिवार्य नव्हते. त्याने इयर १२ पुन्हा केले. ते वर्ष सल्लागारांचे नव्हे, त्याचे गेले.

म्हणून माझा आग्रह असा, की इयर ११ च्या नाताळच्या सुट्टीत मुलाने स्वतः पाच-सहा पदव्यांची नावे एका कागदावर लिहावीत, प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर जाऊन प्रवेशअट वाचावी आणि 'रिक्वायर्ड' व 'प्रेफर्ड' या दोन शब्दांखाली वेगवेगळ्या रंगाच्या रेघा ओढाव्यात. पहिल्या शब्दाला पर्याय नसतो. दुसऱ्यावर विचार करता येतो. हे केले की नेहमीच्या समजुती आपोआप गळून पडतात. मेडिकलसाठी बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र लागते आणि पुष्कळ ठिकाणी जीवशास्त्रही. इंजिनिअरिंगला गणित हवेच आणि बऱ्याच ठिकाणी फिजिक्सही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या पदवीसाठी ए लेव्हल गणित अनिवार्य आहे, ए लेव्हल अर्थशास्त्र नाही. कायद्याच्या पदवीसाठी तर ए लेव्हल लॉ लागतच नाही. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या काकांनी यातले एकही पान उघडलेले नसते, एवढे मी खात्रीने सांगतो.

पुढे काय करायचे हेच मुलाला ठाऊक नसेल, तर "तीनही सायन्स घे, सुरक्षित आहे" हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. गणित आणि निबंध लिहायला लावणारा एक विषय ही जोडी अधिक दारे उघडी ठेवते. पण गणित घेण्याआधी त्याच्यासमोर एक कागद ठेवावा, छेदात क्ष असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज द्यावी आणि कॅल्क्युलेटर काढून घ्यावा. तिथेच तो अडखळत असेल आणि उन्हाळाभर बीजगणित घोटायची तयारी नसेल, तर गणिताचा नाद सोडलेला बरा. ही बेरीज आम्ही थोरल्याला कधी दिलीच नाही; धाकटीला दिली.

चौथा विषय बहुतेकांनी घेऊ नये. विद्यापीठे सहसा तीन ग्रेडवरच प्रवेशाची ऑफर देतात. गणित, फिजिक्स किंवा इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्याने फर्दर मॅथ्स (गणिताचाच वरच्या पातळीचा वेगळा ए लेव्हल) घेणे हा एकच अपवाद मी मानतो. शिवाय २०१५ पासून टप्प्याटप्प्याने झालेल्या बदलानंतर इंग्लंडमध्ये ए लेव्हलच्या ग्रेडसाठीची परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदाच होते, त्यामुळे अंगावर ओढवून घेतलेले ओझे मध्येच हलके होत नाही. मातृभाषेत सहज ए मिळवण्याची सोय गुजराती आणि उर्दू मुलांना आहे; इंग्लंडच्या नेहमीच्या परीक्षा मंडळांत मराठीचे ए लेव्हल नाही, म्हणून तो विचार आपण सोडावा.

शेवटी वेळापत्रकाचे ब्लॉक, म्हणजे एकाच वेळी शिकवल्या जाणाऱ्या विषयांचे गट. एकाच ब्लॉकमधले दोन विषय एकत्र घेता येत नाहीत आणि हे पुष्कळांना नावनोंदणीच्या दिवशीच कळते, म्हणून ओपन ईव्हनिंगलाच (कॉलेज पाहायला बोलावतात त्या संध्याकाळी) विचारून ठेवावे. विषय बदलायचा झाल्यास सप्टेंबरचे पहिले काही आठवडेच हातात असतात. ऑगस्टमध्ये जीसीएसईचा निकाल लागतो त्या सकाळी लवकर कॉलेजात जावे आणि तिघांपैकी एखादा हुकला तर घ्यायच्या पर्यायी विषयाचे नाव लिहून खिशात ठेवावे. दुपारपर्यंत चांगले ब्लॉक भरून गेलेले मी दोनदा पाहिले आहेत.